टोपण तेवढं खरं

खराडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. लिहिणारा छातीठोकपणे सांगतो की सगळं नीट चालतंय, आणि ते नेमकं कुठं चालत नाही हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. संशय घेणं ही माझी सवय आहे की नोकरी, हे आता माझं मलाही सांगता यायचं नाही. नवरा म्हणतो, "आधीपासून अशीच होतीस. कंपनीनं फक्त पगार सुरू केला."

शनिवार-रविवारी मी शाईची पेनं करते. विश्रांतवाडीत आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याच्या ड्राय बाल्कनीत माझा कारखाना. दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारं हार्डनर. दोन्ही काट्यावर तोलून एकत्र करायचं, बुडबुडे न उठवता हळूहळू ढवळायचं, रंगाची पूड घालायची आणि साच्यात ओतायचं. मग साचा एका जाड लोखंडी भांड्यात ठेवून, झाकण आवळून, आत कॉम्प्रेसरनं हवा दाबायची. राहिलेसाहिले बुडबुडे त्या दाबानं विरून जातात. दुसऱ्या दिवशी साच्यातून बोटाएवढ्या जाडीची रंगीत कांडी निघते. ती छोट्या लेथवर चढवून कातायची, पोखरायची, तिला आटे पाडायचे आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायची.

हे सगळं हातमोजे आणि नाकाला जाड मास्क लावून करावं लागतं. त्यामुळे सोसायटीत माझ्याविषयी बरंच बोललं जायचं. एकदा चेअरमन स्वतः "सहज" आले. बाल्कनीतल्या लोखंडी भांड्याकडे बघत म्हणाले, "काय बनवता हो तुम्ही?"

"पेन."

"का? बाजारात मिळत नाहीत?"

मी नुसती हसले. त्यांना मात्र उत्तर मिळाल्यासारखं दिसलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते लिफ्टमध्ये माझ्या पिशवीत डोकावून बघायचे. मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा तेच केलं असतं.

ही गोष्ट ज्याची, तो माणूस मला पहिल्यांदा दिसला पुण्यात गावात भरलेल्या पेनांच्या एका प्रदर्शनात. मला तिथं एका टेबलाचा कोपरा मिळाला होता. सत्तरीकडे झुकलेला, पांढरा बुशशर्ट, कडक इस्त्री. त्यानं एकही पेन लिहून पाहिलं नाही. एक हिरवं पेन उचलून उजेडाकडे धरलं, गोल गोल फिरवलं आणि विचारलं, "हा रंग तुम्हीच बनवता?"

"हो."

"पाहिजे तसा बनवता?"

"जमेल तसा."

त्यानं नंबर घेतला आणि पुढच्याच रविवारी दारात उभा राहिला. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. खिशातून घडी घातलेला रुमाल काढला, तो मांडीवर उलगडला. आत एका जुन्या पेनाचं टोपण होतं. गर्द हिरवं, आत मधाच्या रंगाच्या लाटा, आणि काळी पडलेली धातूची एक कडी.

"याच्या खालचं बनवून पाहिजे," तो म्हणाला.

"खालचं कुठं आहे?"

"नाही."

"हरवलं?"

"तसंच समजा."

माझ्या धंद्यात "तसंच समजा" म्हणणाऱ्या माणसापाशी थांबायचं असतं. मी टोपण हातात घेतलं, अंगठ्यानं जोरात घासलं आणि नाकाशी नेलं. कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड. पूर्वी पेनं याचीच करत. मी त्याला सांगितलं, की हे मला मिळत नाही, मिळालं तरी घरात आणणार नाही, कारण ते भसकन पेट घेतं. रेझिनमध्ये मी फार तर तसा रंग आणू शकते.

"दिसायला सेम पाहिजे," तो म्हणाला. "आणि नवं दिसलं नाही पाहिजे. कोणालाच."

त्याच्या बोलण्यावरून मी गाव ओळखलं होतं. माझे आईवडील नागपूरहून इथं आले. तो भंडाऱ्याकडचा निघाला, कारखान्यातल्या नोकरीसाठी तरुणपणीच पुण्यात आलेला, आणि आमच्या घरापासून रिक्षानं पाच मिनिटांवर राहणारा. आमच्या हॉलमधली बुद्धमूर्ती बघून तो जरा सैल झाला, सोफ्यावर मागे टेकला. पण जाताना त्यानं तीन गोष्टी बजावल्या. मी त्याला फोन करायचा नाही, तोच करेल. पेन घरपोच पाठवायचं नाही, तोच येईल. आणि त्याचा फोटो कुठंही टाकायचा नाही.

दार लागल्यावर नवरा आतून म्हणाला, "आपल्याकडचा आहे म्हणून गप्प बसलीस होय?"

"काम घेतलंय. चौकशी सोडलेली नाही."

काम सोपं नव्हतं. हिरवं आणि मधाळ रेझिन वेगवेगळं कालवून ठेवायचं आणि ते घट्ट व्हायला लागलं की एकात एक ओतायचं. लवकर ओतलं तर दोन्ही रंग मिसळून शेवाळ्यासारखं काहीतरी होतं. उशीर केला तर मधल्या लाटा वळतच नाहीत, नुसते गोळे दिसतात. पहिल्या कांड्या मी फेकून दिल्या. एकीत रंग जमला, पण लेथवर कातताना आत दडलेला बुडबुडा फुटला आणि नेमका दर्शनी भागावर खड्डा पडला. शेवटी एक कांडी अशी निघाली, की टोपण शेजारी ठेवल्यावर नवऱ्यालासुद्धा खोड काढता आली नाही.

त्या माणसाला मी ती दाखवली तेव्हा त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "आता यावरच्या खुणा सांगतो."

त्यानं डोळे मिटले. खालच्या टोकापाशी एक लांब ओरखडा, तिरपा. मधे बोटं धरून धरून चमक गेलेली. एका बाजूला ब्लेडनं खरवडल्यासारखं. आणि अगदी शेवटाला दातांच्या खुणा.

"दातांच्या?"

"हो जी. चावलेलं होतं ते."

"कोणी?"

"बहीण. थोरली. लहानपणी."

"म्हणजे पेन बहिणीचं?"

"वडिलांचं."

"आणि आता हे कोणाला द्यायचंय?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बहिणीला."

"त्यांना माहीत आहे ना, खालचं नवं आहे म्हणून?"

"दसऱ्याच्या आधी होईल ना, ताई?" त्यानं विचारलं. "आणि निब सोनेरी लावा. वडिलांची सोन्याची होती."

तो गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून त्याचा खटला चालवला. जुन्या पेनांचे शौकीन असतात, तो अशांच्याच गर्दीत मला भेटला होता. मूळ पेनाला सोन्याची निब. निब आणि दांडी कुणाला तरी विकली, टोपण मागं ठेवलं, आणि आता त्याच टोपणाखाली माझं रेझिन बसवून बहिणीच्या हातात द्यायचं. टोपण खरं असलं की खालच्याकडे कोण निरखून बघतं?

"काम सोडून दे," नवरा म्हणाला.

"सोडलं तर दुसरीकडे करून घेईल. आणि मग मला कधीच कळणार नाही."

हे खरं कारण होतं. मला शेवट बघायचा होता.

पण मी एक काम केलं. पेनाची दांडी आतून पोखरून झाल्यावर तळाला बारीक खळगा पाडला आणि त्यात निळ्या रेझिनचा एक थेंब सोडला. पेन उघडून आत टॉर्च मारल्याशिवाय तो दिसणार नाही. उद्या कोणी विचारलं, तर हे माझ्या हातचं आहे हे मला दाखवता आलं पाहिजे.

टोपणाचे आटे जुळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण जुन्या पेनांचे आटे आजच्या मापात बसत नाहीत. ते जुळल्यावर जुनेपणा आणायचं काम उरलं. चमक पॉलिश पेपरनं मारली. ओरखडे सुईनं काढले, ते खोटे दिसले. मग नवऱ्यानं पेन पँटच्या खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर टाकलं आणि तसाच ऑफिसला जात राहिला. खुणा अशा उमटल्या, की मला सुई कुठं लावली होती तेच सापडेना.

दातांचं मात्र काही जमेना. पकडीला कापड गुंडाळून दाबून बघितलं. ते पकडीनं दाबल्यासारखंच दिसलं. शेवटी दांडीच्या टोकाला हेअर ड्रायरनं ऊब दिली, आणि रेझिन किंचित मऊ झाल्यावर ते तोंडात धरून चावले.

नवरा दारात उभा होता. "स्वयंपाक कमी पडतोय का?"

खुणा उत्तम उमटल्या.

तो माणूस पेन न्यायला आला. त्यानं टोपण काढलं, परत लावलं. मग शेवटाच्या खुणांवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. मला वाटलं काहीतरी बोलेल. "चालेल," एवढंच म्हणाला. मी पेनासोबत शिवलेली कापडी पिशवी देते, तिच्यावर माझा छाप असतो. ती त्यानं टेबलावर परत ठेवली. "हे नको," म्हणाला आणि पेन रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

दसरा झाला. दिवाळीही गेली. मी तो विषय सोडून दिला होता असं म्हणणार नाही.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ म्हातारी बाई. सुती साडी, खांद्याला झोळी, पायात बूट. आत येऊन तिनं आधी पाणी मागितलं, ते पूर्ण प्यायली, आणि मग झोळीतून ते पेन काढून टेबलावर ठेवलं.

"हे तुम्ही केलंय?"

"गिऱ्हाइकाचं काम मी कोणाला सांगत नाही."

"कोणी करून घेतलं हे मी विचारलंच नाही. ते मला माहीत आहे. केलंय का, एवढंच सांगा."

आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली परत पाठवणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. त्या खरंच तसल्याच नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, हे नंतर कळलं. कात्रजहून दोन बस बदलून आल्या होत्या. गावातल्या पेनांच्या दुकानात चौकशी केल्यावर तिथल्या माणसानं सांगितलं होतं, की असलं घरचं रेझिन ओतून पेनं करणारी एक बाई विश्रांतवाडीत आहे.

"तुम्हाला कशावरून वाटलं, की हे ते नाही?" मी विचारलं.

त्यांनी पेन उलटं करून शेवट माझ्यासमोर धरला. "दात. मी चावलं तेव्हा माझा पुढचा दात पडलेला होता. दोन्हीकडे खूण आणि मधे मोकळी जागा. हे ज्या बाईनं चावलंय तिचे सगळे दात शाबूत आहेत."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तोंड मिटून घेतलं.

"त्याला आठवणार नाही," त्या म्हणाल्या. "तो पाळण्यात होता तेव्हा."

मग मी उठले आणि टॉर्च आणला. पेन उघडलं, शाईची नळी काढली आणि त्यांना आत बघायला सांगितलं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ बघत होत्या.

"निळं काहीतरी आहे."

"ती माझी खूण. गिऱ्हाइकाला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालाही संशय होता."

"होता."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसल्या.

मी चहा केला. चहा पिता पिता त्यांनी पेनाची हकीकत सांगितली. त्यांचे वडील वस्तीतले पहिले कारकून. पहिल्या पगारात त्यांनी नागपुरातल्या एका दुकानातून ते पेन घेतलं होतं. संध्याकाळी ओसरीवर बसून वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. कोणी पेनाचं कौतुक केलं की टोपण काढून दाखवायचे, "निब सोन्याची आहे." ते गेल्यावर दोघा भावंडांनी ठरवलं, की पेन एक वर्ष हिच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, दोघं एकत्र जेवायचे आणि पेन या हातातून त्या हातात जायचं. कोणी कधी त्यानं लिहिलं नाही. जपून ठेवायचं, एवढंच.

"गेल्या साली पेन त्याच्याकडे जाताना त्यानं मला विचारलं होतं, बाई, अशा पेनांना आज काय भाव असेल? मी म्हटलं, तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा. आता कळलं कशाला ते." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. "विकलं त्यानं. सोन्यासाठी विकलं."

माझाही तोच हिशेब होता. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यातली फट मला दिसली. "टोपणाशिवाय जुनं पेन कोण विकत घेईल? विकायचंच असतं तर टोपणासकट गेलं असतं. निब तेवढी काढून विकली असती, तर दांडी कुठं गेली?"

त्या विचारात पडल्या. "मग कुठं गेलं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"चला," त्या उठल्या. "त्यालाच विचारू. तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"मी विचारेन आणि तो काहीतरी सांगेल. ते खरं की खोटं, हे पेनातलं कळणारं कोणीतरी लागेल ना?"

नवऱ्यानं मला चपला घालताना बघितलं. "साक्षीला चाललीस?" मी मान हलवली. आम्ही रिक्षा केली. रस्ताभर त्यांनी झोळी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

त्यांच्या भावानं दार उघडलं. घरात तो एकटाच होता, बायको मुलीकडे गेलेली. त्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे. काही विचारावं लागलं नाही. तो बाजूला झाला आणि आम्ही आत गेलो.

"बाबांचं पेन कुठं आहे?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"बस ना, बाई."

"मी बसायला आले नाही."

तो आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. बहिणीनं माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं असेल ते माझ्याही मनात आलं, की हा आता आत काहीतरी जुळवतोय. तेवढ्यात तो बाहेर आला. हातात लोणच्याची काचेची छोटी बरणी होती. ती त्यानं टीपॉयवर ठेवली.

बरणीत तपकिरी-पिवळसर चुरा होता. काही तुकडे खडीसाखरेएवढे, बाकी भुगा. त्यात मधेच एक गंजलेलं, वाकडं काहीतरी.

"हे?" बहीण म्हणाली.

"हेच."

मग तो बसला आणि बोलायला लागला. आदल्या खेपेला पेन त्याच्याकडे आलं तेव्हा बहीण त्याला म्हणाली होती, की तू धूळ बसू देतोस, नीट ठेवत नाहीस. म्हणून या वेळी त्यानं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर दुसरं प्लास्टिक, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा कपाटाच्या तळाशी. वारासुद्धा लागायला नको. टोपण तेवढं कडी घासायला म्हणून बाहेर काढलेलं होतं. उन्हाळा संपल्यावर त्यानं डबा उघडला तर नाक झोंबणारा वास आला. पेनाला घाम आल्यासारखं झालं होतं. हातात घेतलं आणि ते हातातच फुटलं.

"मी जास्तच जपायला गेलो ना जी," तो माझ्याकडे बघून म्हणाला, बहिणीकडे नाही.

बहीणसुद्धा माझ्याकडेच बघत होती. "हे असं होतं?"

मी बरणीचं झाकण काढलं. आंबट, तिखट वास आला आणि त्याच्या मागं अगदी पुसट कापूर. मी एक तुकडा कागदावर घेतला. तो बोटाखाली मोडला, आणि आतल्या बाजूला हिरव्याचा एक धागा दिसला.

"होतं," मी म्हणाले. "जुनं सेल्युलॉइड कोंडून ठेवलं की आतल्या आत सडतं. त्याला हवा लागते. हे सेल्युलॉइडच आहे, आणि हिरवं होतं."

त्यापलीकडे मला काही सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

"आणि भाव कशाला विचारलास मला?" बहिणीनं विचारलं.

"ते सहज विचारलं होतं, बाई. टीव्हीवर कायतरी दाखवून राहिले होते."

"सहज."

"हो."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग त्यांनी स्वतःच बरणीत दोन बोटं घातली आणि ते गंजलेलं काढलं. चुऱ्यातून पुसून तळहातावर घेतलं. निब होती. सगळी लाल तांबड्या गंजानं खाल्लेली, फक्त एका कडेला सोनेरी पापुद्रा उरलेला.

"सोन्याला गंज चढत नाही," त्या सावकाश म्हणाल्या.

भाऊ आपल्या पायांकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस बहिणीपासून पेन फुटल्याचं लपवत नव्हताच. फुटल्याचे चार बोल त्यानं ऐकून घेतले असते. तो ही निब लपवत होता.

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"तू लोकांना सांगतेस ना," तो म्हणाला. "सोन्याची निब होती बाबांची. तुझ्या नातवंडांनापण सांगितलंस. मी कसं सांगू?"

त्या खाली बसल्या. "दुकानदारानं फसवलं बाबांना," त्या म्हणाल्या. "नवा माणूस, साधा, पहिल्यांदा हातात पगार. बघितलं असेल आणि गळ्यात मारलं असेल."

"नाहीतर बाबांना माहीत असेल."

"म्हणजे?"

"लोकांना सांगायला बरं वाटत असेल त्यांना."

"बाबा खोटं बोलत नव्हते."

"मी कुठं म्हटलं खोटं?"

त्या दोघांना तिथं सोडून मी निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. मी फक्त एवढं म्हणाले, की बरणी घरात ठेवू नका, तो चुरा धोक्याचा आहे, चटकन पेटतो. आणि टोपणही त्याच मालाचं आहे, ते डब्यात घालू नका. त्याला उघड्यावर राहू द्या, वापरा.

"वापरा म्हणजे?" बहिणीनं विचारलं.

"म्हणजे लिहा."

त्यांनी झोळीतून माझं पेन काढून भावाकडे असं बघितलं, की आता तो नाही म्हणतो की काय. त्यानं मान डोलावली. चुरा त्यांनी दुसऱ्या दिवशी गच्चीतल्या मातीत पुरला, हे त्यानं मला फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच त्यानं फोन लपवूनछपवून केला नाही. मागून टीव्हीचा आवाज येत होता.

पेन त्या वर्षापुरतं बहिणीकडे राहिलं. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "तुमचं पेन गळतं."

"रेझिनला चीर गेलीय का? उन्हात ठेवलंत का?"

"मी काही केलेलं नाही. तुम्ही येऊन बघा."

मी रविवारी कात्रजला गेले. दार भावानं उघडलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर निळे डाग. दोघांचा वाद चालू होता. तो म्हणत होता, तिनं निब उलटी घासली असणार. त्या म्हणत होत्या, तो गेल्या खेपेला शाई भरून गेला तेव्हापासूनच गळतंय. मध्येच त्या मला म्हणाल्या, "हा म्हणतो, बाबांना सगळं माहीत होतं. तुम्हाला काय वाटतं?"

"मी त्यांना बघितलेलं नाही."

"बरोबर. पण संशय येतोच ना?"

मी पेन उघडलं. निबेच्या मागचा भाग एक आटा सैल झाला होता, त्यातून हवा शिरत होती. मी तो आटा बसवला, सांध्यावर थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला वडिलांचं नाव लिहिलं, त्याच्याखाली परत तेच लिहिलं, मग कागद उचलून उजेडाकडे धरला.

भावानं पेन मागून घेतलं, बोट फिरवून बघितलं आणि बोट बहिणीला दाखवलं. कोरडं होतं.

"आज नाही गळत," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू."